पिलाटेस करायचंय? आधी गोधडी अंथरा

ट्रायल क्लासला गेले तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला तो सॉक्सचा. पाठीचा नाही, गुडघ्याचा नाही, याआधी कधी व्यायाम केलाय का याचाही नाही. "मॅम, ग्रिप सॉक्स आणलेत का?" तळव्याला रबराचे ठिपके असलेले हे मोजे अर्थातच त्यांच्याकडेच विकत मिळत होते. मग फॉर्म, मग पॅकेज, मग "आजच घेतलंत तर डिस्काउंट". एका क्लासची फी ऐकून मी मनातल्या मनात भागाकार केला. तेवढ्या पैशांत माझी मेस आठ दिवस चालते. काचेपलीकडे पाच-सहा मशिन्स होती. प्रत्येक मशीन आमच्या होस्टेलच्या कॉटएवढं, आणि कॉटपेक्षा कितीतरी देखणं. भिंतभर आरसा. मी माझ्या गुडघ्याला फुगा आलेल्या ट्रॅक पँटकडे बघितलं आणि वाटलं, आपण चुकीच्या दुकानात शिरलोय.

मी तिथे गेले होते ते कंबर दुखते म्हणून. पुण्यात ज्यांनी अभ्यासिकेत दिवस काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. दिवसाचे नऊ-दहा तास प्लास्टिकच्या खुर्चीत, मान पुस्तकात, खांदे कानाला चिकटलेले. आमच्या अभ्यासिकेत अर्ध्या लोकांच्या खुर्चीवर उशी असते आणि उरलेल्या अर्ध्यांच्या बॅगेत बाम. फिजिओथेरपिस्टने तपासून सांगितलं, मोडलंबिडलं काही नाही, स्नायू आळशी झालेत. पोटाच्या आणि पाठीच्या आतल्या स्नायूंना कामाला लाव. पिलाटेससारखं काहीतरी सुरू कर. मी घरी फोन करून सांगितलं तर आई म्हणाली, "पायलट?" (उच्चाराचं फार टेन्शन घेऊ नका. पिलाटीज म्हणा, पिलाटेस म्हणा, आईसारखं पायलट म्हणा. आडनाव आहे ते एका माणसाचं.)

त्या रात्रीपासून माझं इन्स्टा पिलाटेसने भरून गेलं. पेस्टल रंगाचे कपडे, गुळगुळीत केस, हातात माचाचा ग्लास, बॅकग्राउंडला मशीन. नाहीतर मग 'वॉल पिलाटेस, २८ दिवसांत सपाट पोट'. एक टोक मला परवडणारं नव्हतं, दुसरं मला खोटं वाटत होतं. आज चार महिन्यांनी, होस्टेलच्या फरशीवर गोधडी टाकून जेवढं केलंय त्यावरून माझं म्हणणं असं आहे: पिलाटेस आपल्यापर्यंत उलट्या टोकाने आलंय. आधी मशीन आलं, मग हिरॉइन्सचे फोटो आले, मग कंबरेचा घेर आला. मूळ गोष्ट, म्हणजे जमिनीवर पडून सावकाश करायचा व्यायाम, सगळ्यात शेवटी आली. त्यामुळे ज्यांना त्याची खरी गरज आहे ते कॉलेजातले बहुतेक जण "हे आपल्यासाठी नाही" म्हणून आधीच पळून जातात. मुली पैशांमुळे आणि लाजेमुळे, मुलगे "हा मुलींचा व्यायाम" म्हणून.

या दुसऱ्या समजुतीची तर मला गंमतच वाटते. जोसेफ पिलाटेस हा गडी जर्मनीतला. १८८३ साली मोन्शेनग्लाडबाख नावाच्या गावी जन्मला. लहानपणी दमा, मुडदूस, संधिवाताचा ताप असं सगळं एकाच पोराच्या वाट्याला आलेलं. त्या आजारी पोराने व्यायामाचं वेड घेतलं. जिम्नॅस्टिक्स केलं, बॉक्सिंग केलं. पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी तो इंग्लंडला गेला आणि युद्ध सुरू झाल्यावर 'शत्रूराष्ट्राचा नागरिक' म्हणून पकडला गेला. आइल ऑफ मॅन या बेटावर नॉकालो नावाची मोठी छावणी होती. वीस हजारांहून जास्त माणसं लाकडी बराकींत कोंडलेली. युद्धाची बरीच वर्षं त्याने तिथे काढली, आणि आपली पद्धत तिथेच घडवली. आजारी कैद्यांच्या पलंगाला स्प्रिंगा बांधून त्यांना झोपल्या झोपल्या व्यायाम करायला लावला, त्यातून पुढे मशीन निघालं, अशीही गोष्ट सांगतात. ती अगदी जशीच्या तशी घडली की सांगता सांगता रंगली, देव जाणे. पण रिफॉर्मर नावाचं ते महागडं मशीन नीट बघितलंत तर आजही ते दिसतं काय? स्प्रिंगा लावलेला पलंग.

म्हणजे हा व्यायाम आकाराला आला तो कोंडलेल्या, कमी जागेत, कमी खाण्यावर राहणाऱ्या पुरुषांमध्ये. होस्टेलवर राहणाऱ्यांना यातलं काही ओळखीचं वाटलं तर तो योगायोग समजू नका.

पुढे १९२६ च्या सुमारास तो अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कच्या एट्थ अॅव्हेन्यूवर त्याने आणि त्याची जोडीदार क्लारा हिने स्टुडिओ थाटला. आसपास नाचाचे स्टुडिओ होते. जॉर्ज बॅलन्शीन, मार्था ग्रॅहम यांच्यासारखी मोठी मंडळी आपल्या दुखावलेल्या नर्तकांना त्याच्याकडे पाठवू लागली. नर्तकांमुळे पिलाटेसला ती नाजूक, लांबसडक पायांची इमेज चिकटली ती आजतागायत. स्वतः जोसेफ मात्र या पद्धतीला 'कंट्रोलॉजी' म्हणायचा. म्हणजे ताबा. १९४५ साली त्याचं पुस्तक आलं, त्यात ३४ व्यायाम आहेत. सगळे जमिनीवरचे. एकालाही मशीन लागत नाही. फोटोंतला मॉडेल तो स्वतःच, साठीला पोचलेला. ग्रिप सॉक्सचा प्रश्नच नाही.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडे योग आहे, सूर्यनमस्कार आहेत, मग हे कशाला? अगदी बरोबर प्रश्न आहे आणि उत्तर सरळ आहे. तुम्ही सूर्यनमस्कार रोज, श्वासासकट, घाई न करता घालत असाल तर पिलाटेस केलं नाहीत तरी काही बिघडत नाही. पण खरं सांगा, घालता का? शाळेत पीटीच्या तासाला घातले होते, 'एक दोन, एक दोन'च्या चालीवर, ते धरून चालत नाही. आणि 'आपलं' आणि 'त्यांचं' हा वाद व्यायामात फारसा टिकत नाही. सूर्यनमस्कारांचा घरोघरी प्रचार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी तरुणपणी सँडोच्या पद्धतीने व्यायाम करायचे, कितीतरी वर्षं. सँडो युरोपातला पहिलवान. जे अंगाला लागलं ते त्यांनी घेतलं, नंतर जे त्याहून बरं वाटलं ते धरलं. आपणही तेवढंच करावं.

मला दोन्हींत जाणवलेला फरक एवढाच. आसनात आपण एका स्थितीत जाऊन थांबतो. पिलाटेसमध्ये थांबणं कमी, हालचाल जास्त, पण धड स्थिर ठेवून. पाय हलतो, कंबर हलत नाही. हात हलतो, बरगडी वर उचलत नाही. माझ्यासारख्या दहा तास खुर्चीत विरघळणाऱ्या मुलीला नेमकं हेच येत नव्हतं.

आता करायचं कसं ते सांगते. आधी जागा. सहा फूट बाय अडीच फूट. योगा मॅट असेल तर तिच्याखाली एक सतरंजी किंवा चादर घडी करून टाका, कारण दुकानातल्या पातळ मॅटवर फरशी मणक्याला टोचते. मी आजीची गोधडी वापरते. जाड आहे, सरकत नाही, आणि हॉलमध्ये नेताना कोणाला वाटत नाही की मी 'फिटनेस जर्नी'ला निघालेय. कॉटच्या गादीवर करू नका. गादी खचते आणि पाठ कुठे आहे ते कळतच नाही. जेवून लगेच नको, दोन तास जाऊ द्या.

उताणे पडा. गुडघे वाकवून पावलं जमिनीवर. कमरेखाली जी कमान होते तिच्यात तुमचा तळहात जेमतेम सरकायला हवा. मूठ जात असेल तर कमान जास्त आहे, बोटंही जात नसतील तर तुम्ही कंबर जमिनीवर दाबताय. या मधल्या जागेला न्यूट्रल म्हणतात. पहिला आठवडा मी फक्त ही जागा शोधत होते. हसू नका, वीस वर्षं ही कंबर माझीच आहे आणि ती कुठे असते हे मला माहीत नव्हतं.

मग पोट. इथे सगळे चुकतात, मीही चुकले. 'पोट आत' म्हटलं की आपण ग्रुप फोटोला करतो तसं श्वास कोंडून पोट ओढून घेतो. ते नाही. पोटाच्या बाजूला, कमरेच्या हाडांच्या जरा आत, दोन्हीकडे दोन-दोन बोटं ठेवा. नाकाने श्वास घ्या, बरगड्या छत्रीसारख्या बाजूला उघडू द्या. आता तोंडाने 'श्श्श' करत लांब श्वास सोडा. शेवटी शेवटी बोटांखाली काहीतरी हलकंसं ताणलं जातं. सगळ्यात आतला, पोटाला आडवा गुंडाळलेला स्नायू आहे तो. परकराची नाडी सगळीकडून सारखी ओढल्यासारखं वाटतं, फार घट्ट नाही, जेवण आहे असं समजून. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, मागे मणक्यालगतचे बारके स्नायू आणि पुढून-बाजूने ही नाडी, असा एक डबा तयार होतो. पाठीला आधार हा डबा देतो. सिक्स पॅक म्हणून जे दिसतं ते बाहेरचं, त्याचा या कामाशी संबंध थोडाच.

एवढं जमलं की मग हंड्रेड. मूळ पुस्तकातला हा पहिलाच व्यायाम, आणि रील्सवर सगळ्यात जास्त दिसणारा. डोकं आणि खांदे उचललेले, पाय हवेत सरळ, हात शरीराच्या बाजूला लांब, आणि ते हात पाण्यावर थापट्या मारल्यासारखे वरखाली करायचे. पाच थापट्यांना श्वास घ्यायचा, पाचांना सोडायचा. असं दहा वेळा. झाले शंभर. ऐकायला किरकोळ. मी पहिल्याच दिवशी व्हिडिओ लावून पूर्ण शंभर केले, फारच खूश झाले, आणि तीन आठवडे रोज तेच करत राहिले. चौथ्या आठवड्यात मान अशी धरली की अभ्यासिकेत शेजारच्याशी बोलायला सगळं अंग वळवावं लागत होतं.

झालं काय होतं, तर पोट दमल्यावर मी मानेने डोकं ओढत होते. मोजणी शंभरची झाली, काम मानेचं झालं. म्हणून नवशिक्यांनी हंड्रेड करताना डोकं खाली ठेवावं, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर ठेवावीत आणि तीस थापट्यांवर थांबावं. श्वास तुटला की तिथे संपलं, मग आकडा कितीही असो. डोकं उचलणं महिन्याभराने. यात कमीपणा नाहीये. ज्याच्या नावातच ताबा आहे त्या व्यायामात ताबा सुटल्यानंतरचे आकडे कोणाला दाखवायचे?

याच्या जोडीला पुलासारखं कंबर उचलणं, पण एकदम नाही. आधी माकडहाड, मग कंबर, मग पाठ, माळेतला एकेक मणी उचलल्यासारखं, आणि उतरताना उलट क्रमाने. मग एक पाय छताकडे करून हवेत वर्तुळ काढणं. वर्तुळ केवढं, तर ताटलीएवढं. मी ओटीपोटावर फोन ठेवते. फोन हलला की वर्तुळ मोठं झालं. दिवसभरात फोनचा एवढाच काय तो उपयोग होतो. मग कुशीवर झोपून वरचा पाय पुढेमागे. आणि शेवटी पालथं पडून, तळहात खांद्याजवळ ठेवून, नजर जमिनीकडेच ठेवत छाती थोडी उचलणं. हा शेवटचा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक गाळतात. दिवसभर पुस्तकावर वाकणाऱ्यांनी बाकी काही गाळा, हा गाळू नका. प्रत्येकाचे सहा-आठ वेळा. वीस मिनिटं. आठवड्यातून तीनदा. बस.

आमच्या ग्रुपमधला एक मित्र, तालमीत वाढलेला, जोर-बैठका मारणारा, मला चिडवायला म्हणून एकदा बसला. म्हटलं, शंभर किलो राहू दे, फक्त उताणा पड आणि हात पुढे करून एकेक मणका उचलत, पाच मोजत उठून बस. झटका नाही द्यायचा. त्याला झटक्याशिवाय येईना. तीनदा केलं, तीनदा पाय वर आले. मग म्हणाला, फरशी निसरडी आहे. जोर मारण्याचं त्याचं बळ खोटं नव्हतं. पण वेगाच्या आडून आपण किती काय लपवतो, ते सावकाश केलं की उघडं पडतं. पिलाटेसचा खरा त्रास हाच आहे आणि म्हणून ते रीलमध्ये मावत नाही.

आता त्या '२८ दिवसांत सपाट पोट'वाल्यांबद्दल. माझ्या रूममेटने हे चॅलेंज घेतलं होतं. भिंतीला पाय लावून रोज पंधरा मिनिटं. व्यायामाला माझी काहीच हरकत नव्हती, भिंतीच्या आधाराने उलट सोपं जातं. पण दाराच्या खिळ्यावर शिंप्याची टेप टांगली गेली. सकाळी एकदा माप, रात्री एकदा माप. सहाव्या दिवशी तिने रात्रीची पोळी बंद केली, कारण आकडा हलत नव्हता. अकराव्या दिवशी ती रडली आणि चॅलेंज सोडलं, आणि वर म्हणाली, "माझ्यातच जिद्द नाही." मला त्या क्षणी ते रील बनवणारी बाई समोर हवी होती.

कारण सत्य एवढंच आहे की पिलाटेसने फार कॅलरी जळत नाहीत. ठरावीक जागची चरबी ठरावीक व्यायामाने जात नाही. आणि ते 'लाँग, लीन मसल्स' म्हणतात ना, तेही सोडा. स्नायू हाडाला जिथे चिकटतो तिथेच चिकटतो, व्यायामाने तुमची मांडी लांब होणार नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल आणि शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. पिलाटेस फार तर त्यातल्या दुसऱ्या भागात बसतं. पहिल्या भागासाठी भरभर चालावंच लागतं, सायकल मारावी लागते, जिने चढावे लागतात. कंबरदुखीपुरतं बोलायचं तर २०१५ मध्ये कॉक्रेनने त्यावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. काहीच न करण्यापेक्षा पिलाटेस केलेलं बरं, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असं ठामपणे म्हणता येत नाही, असा त्याचा सूर आहे. मला हे वाचून उलट बरं वाटलं. म्हणजे हे जमलं नाही तर दुसरं काहीतरी चालेल. जादू नाहीये, म्हणून फसवणूकही नाहीये.

मग मी ते का करते? कारण ते माझ्या खोलीत मावतं. आवाज होत नाही, खालच्या मजल्यावरची मुलगी काठीने छत ठोकत नाही. मैदानावर संध्याकाळी मुलांचं क्रिकेट असतं, कडेने पळणाऱ्या मुलीवर कमेंट्री सुरू होते, ते टळतं. (याचा अर्थ मैदान त्यांना सोडून द्यायचं असा नाही. त्यावर वेगळा लेख लिहीन.) आणि कारण दुपारी तीन वाजता खुर्चीत मी घसरायला लागले की आता कळतं, आणि मी पुन्हा बसू शकते. कंबर पूर्ण थांबलीय असं नाही म्हणणार. बाम मात्र संपला तो पुन्हा आणलेला नाही.

स्टुडिओबद्दल मी फार कडू लिहिलं का? तर दुसरी बाजूही सांगते. त्या ट्रायल क्लासमध्ये, पॅकेजचं सगळं झाल्यावर, ज्या ताईंनी शिकवलं त्या उत्तम होत्या. मी हात डोक्यामागे नेला तशी त्यांनी माझ्या खालच्या बरगड्यांवर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "या इथून उघडतेयस बघ." व्हिडिओला ते दिसत नव्हतं, मला तर नव्हतंच दिसत. तीन आठवड्यांची चूक त्यांना तीन मिनिटांत दिसली. तेव्हा शिक्षक हवाच. माझं भांडण क्रमाशी आहे. पैसे थोडेच असतील तर मशीनच्या दहा क्लासच्या पॅकेजपेक्षा कमी मुलांच्या बॅचमध्ये दोन-तीन मॅट क्लास करा, प्रश्न विचारा, आणि बाकी घरी. मशीन वाईट नाही. काही बाबतीत स्प्रिंगांमुळे सोपंच जातं. पण ते सुरुवात करायची अट नाही.

आणि शिक्षक निवडताना पाटीवर भुलू नका. २००० साली अमेरिकेतल्या कोर्टाने निकाल दिला की 'पिलाटेस' हा कोणाच्या मालकीचा ट्रेडमार्क नाही, योग किंवा कराटेसारखा सर्वसाधारण शब्द आहे. चांगलंच झालं, नाहीतर आज हा लेखही लिहिता आला नसता बहुधा. पण त्यामुळे पाटीवरचा शब्द कशाचीच खात्री देत नाही. कुठे शिकलात, किती दिवस शिकलात, दुखणं असलेल्या मुलांना काय वेगळं देता, हे बिनधास्त विचारा. चांगला शिक्षक चिडत नाही. आणि पहिल्याच भेटीत तुमच्या दुखण्याआधी वजन विचारलं तर मी तरी परत जाणार नाही.

कंबरेतून पायात कळ जात असेल, मुंग्या येत असतील, पाय बधिर होत असेल, मणक्याचा काही आजार किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर यूट्यूब बंद करा आणि आधी डॉक्टरकडे जा. करताना स्नायू थरथरले तर चालतं, टोचलं किंवा कळ आली तर थांबायचं. पाळीच्या दिवसांत मला पहिले दोन दिवस नको वाटतं, मी करत नाही. मैत्रिणीला उलट त्याच दिवसांत बरं वाटतं. ज्याचं त्याने बघावं.

एक गोष्ट कॉलेजांना सांगायचीय. जवळजवळ प्रत्येक कॉलेजच्या जिमखान्यात मॅट्सचा एक ढीग असतो. ज्युदोची स्पर्धा आली की तो बाहेर निघतो, धूळ झटकली जाते, पुन्हा कुलपात. वर्षातले बाकी दिवस तो हॉल रिकामा असतो किंवा तिथे टेबल टेनिसची मोडकी टेबलं पडलेली असतात. आमच्याकडून जिमखान्याची फी दरवर्षी घेतली जाते, टीममध्ये असो वा नसो. आठवड्यातून तीन दिवस, एक तास, तो हॉल उघडा आणि मॅट्स अंथरा. महिन्यातून एकदा एखाद्या फिजिओथेरपिस्टला बोलवा. पिलाटेसच करा असंही नाही, सूर्यनमस्कार घाला, काहीही करा. पण ज्यांना कुठल्याच टीममध्ये घेतलं जात नाही, ज्यांनी बारावीनंतर पीटीचा तास बघितलेला नाही, त्यांना झोपून हातपाय हलवायला एक स्वच्छ फरशी मिळू द्या. मी आमच्या सरांना हे विचारलं. "लेखी अर्ज द्या" म्हणाले. दिलाय. सतरा सह्या आहेत त्यावर, त्यातल्या सहा मुलांच्या. त्या तालमीतल्या मित्राचीही आहे, फक्त त्याने नाव जरा न वाचता येईल असं लिहिलंय.

तोवर आमची खोली आहेच. खिळ्यावरची टेप रूममेटने स्वतःच काढली, कधी ते मला कळलं नाही. आता आठवड्यातून दोनदा ती माझ्या शेजारी चादर टाकते, एकमेकींचे पाय लागतात, मग एकीने डोकं दाराकडे करायचं असं ठरलंय. हंड्रेड ती माझ्यापेक्षा चांगलं करते. मला अजून पूर्ण रोल-अप येत नाही. अर्ध्यावर गेलं की पाय आपोआप उचलतात. परवा तिने माझ्या पावलांवर दोन्ही उशा आणि वर पॉलिटीचं पुस्तक ठेवून बघितलं. तरी उचललेच.